लोडरची उचललेली बकेट आपोआप खाली का उतरते?

बालाघाट–नैनपूर लोहमार्गावरील लामता व त्याच्या आसपासचा वैनगंगेकाठचा प्रदेश भातशेतीचा आहे. अशा भागात ट्रॅक्टरला समोरून जोडलेला लोडर अनेक कामांना उपयोगी पडतो. पावसाळ्यापूर्वी शेणखत बांध्यांत पोचविणे, धुऱ्यांसाठी माती उचलणे, मळणीनंतर तणसाचे ढीग हलविणे ही कामे तो थोड्या वेळात करतो. तथापि या यंत्राच्या बाबतीत एक तक्रार वारंवार ऐकू येते. भरलेली बकेट वर उचलून इंजिन बंद केले की काही वेळाने ती हळूहळू खाली आलेली दिसते. हा प्रकार का घडतो आणि त्यात धोका केव्हा असतो, हे यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेणे आवश्यक आहे.

भार तोलला जातो तेलावर

कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडला. लोडरचे काम याच नियमावर चालते. पंप तेल सिलिंडरमध्ये ढकलतो, तेल दट्ट्यास रेटते आणि लोडरच्या भुजा वर जातात. लिव्हर मधल्या जागी आणला की तेलाच्या परतीची वाट बंद होते. दाबाखाली तेलाचे आकारमान फारच थोडे घटते. म्हणून इंजिन बंद असतानाही भार वर राहतो. याचा अर्थ असा की, तो भार कोणत्याही लोखंडी खुंटीवर नव्हे, तर केवळ कोंडलेल्या तेलावर तोललेला असतो.

हे तेल किती थोडे निसटले तरी पुरते, ते पाहण्यासारखे आहे. सिलिंडरचा आतील व्यास ५ सें. मी. धरल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौ. सें. मी. भरते. दट्ट्या १ सें. मी. खाली येण्यास प्रत्येक सिलिंडरमधून अवघे २० मि. लि., म्हणजे चहाचे चार चमचे तेल जाणे पुरेसे आहे. भुजांच्या लांबीमुळे बकेट मात्र त्याच्या कितीतरी पट खाली येते.

तेल निसटते कोठून?

पाइप व जोडांतून होणारी गळती डोळ्यांना दिसते. आतील गळती दिसत नाही. तिचे मुख्य ठिकाण म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्ह. त्यातील स्पूल नावाचा गुळगुळीत पोलादी दांडा आपल्या भोकात सरकत असतो. तो सहज सरकावा म्हणून दोहोंमध्ये मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकी फट मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे नव्या यंत्रातही बकेट किंचित उतरणे हा दोष नव्हे. मात्र ही फट झिजून दुप्पट झाली, तर अन्य परिस्थिती तीच असता गळती सुमारे आठपट होते. तेल तापले की पातळ होते व गळती आणखी वाढते.

रोवणीपूर्वीच्या चिखलणीत ट्रॅक्टर पाण्यात व गाळात चालतो. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. झिजलेल्या सीलमधून त्यात पाणी शिरले की तेल दुधाळ दिसू लागते. त्यासोबत आलेले बारीक कण स्पूलवर ओरखडे पाडतात. यास्तव चिखलणीचा हंगाम संपताच तेलाची तपासणी करावी; ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरण्याचे कारण दूर करून तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत.

दोषाची पारख

बकेट उतरू लागली की पुष्कळदा प्रथम दट्ट्याचे सील बदलले जाते व खर्च वाया जातो. लोडरच्या भुजा उचलणाऱ्या सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या दोन्ही बाजूंस तेल असते. सील फाटले तरी खालचे तेल वर जाऊन मावत नाही. कारण वरच्या बाजूची काही जागा दांड्याने व्यापलेली असते. व्हॉल्व्ह पक्का बंद असेल तर भुजा थोड्या खचून थांबतात. त्या सतत उतरत असतील आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर संशय आधी व्हॉल्व्हवर घ्यावा. भाराने दांडा बाहेर ओढला जात असेल, उदाहरणार्थ बकेट वाकविणाऱ्या सिलिंडरमध्ये, तर मात्र एकट्या सीलचाही दोष असू शकतो. ट्रॅक्टरच्या मागील लिफ्टचा सिलिंडर बहुधा एकाच बाजूने तेल घेतो. तेथेही सील तपासणे योग्य ठरते.

मोजमाप सोपे आहे. ठराविक भार उचलून इंजिन बंद करावे, दूर उभ्या केलेल्या काठीवर बकेटची उंची खुणावावी आणि दर पाच मिनिटांनी अर्धा तास नोंद घ्यावी. मध्य प्रदेशातच बुदनी येथे १९५५ साली सुरू झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. तेथेही लिफ्टने उचललेला भार किती टिकतो हे याच रीतीने तपासले जाते. आलेला आकडा यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा. दरवर्षी एकाच भाराने व तेल सारखेच तापलेले असताना नोंद ठेवल्यास झीज वेळीच लक्षात येते.

जीव सांभाळावा

बकेट हळू उतरते म्हणून ती निर्धोक समजू नये. पाइप फुटला किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला, तर तोच भार क्षणात खाली कोसळतो. म्हणून उचललेल्या बकेटखाली कोणीही जाऊ नये व मुलांना जवळ फिरकू देऊ नये. ट्रॅक्टर उभा करताना बकेट जमिनीवर टेकवावी. दुरुस्तीसाठी भुजा वर ठेवणे भाग असल्यास कारखान्याने दिलेला पोलादी टेकू लावावा. विटा किंवा लाकडी ठोकळे रचून भागवू नये. दाबाखालील जोड कधीही सैल करू नयेत. सूक्ष्म गळती हाताने चाचपू नये. जोराने निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. ती पुठ्ठा धरून पाहावी, आणि अशी इजा झालीच तर जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

शाळेत दोन सिरिंज नळीने जोडून, त्यात पाणी भरून, एका दट्ट्यावर वजन ठेवल्यास हे सारे विद्यार्थ्यांना सहज दाखविता येईल. दुसरा दट्ट्या धरून ठेवला की वजन वर राहते. नळीचा जोड किंचित सैल केला की ते उतरू लागते. यंत्र किती भार उचलते याइतकेच तो कशाच्या आधारावर उभा आहे हेही कळले, तर शेतकऱ्याचा पैसा वाचेल आणि अपघातही टळतील.