तातेयामा : जपानांतील एक हिमपर्वत

चैत्र-वैशाखाच्या उन्हानें महाराष्ट्रांतील डोंगर करपून करडे झालेले असतात, त्याच दिवसांत जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील तोयामा शहरांतून सकाळीं निघालेला प्रवासी दोन प्रहरच्या आंत बर्फाच्या दोन भिंतींमध्यें जाऊन उभा राहूं शकतो. ज्या वर्षीं हिमवर्षाव अधिक, त्या वर्षीं ह्या भिंती वीस मीटरपर्यंत, म्हणजे सहा मजली इमारतीइतक्या उंच असतात. मध्यें काळा रस्ता, दोहों बाजूंस पांढरे ताशीव कडे आणि डोक्यावर आकाशाची एक निळी पट्टी, एवढेंच तेथें दिसतें. खालीं समुद्रकांठीं चेरीचा बहर ओसरूं लागलेला असतो. वर मात्र पौष-माघ अद्याप सरलेलाच नसतो.

हें स्थळ तातेयामा पर्वतावर आहे आणि तो पर्वत चूबू-सांगाकु नांवाच्या राष्ट्रीय उद्यानांत मोडतो. जपानांत राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९३१ सालीं झाला व हें उद्यान ४ डिसेंबर १९३४ रोजीं जाहीर करण्यांत आलें. त्याचें क्षेत्र सुमारें १,७४३ चौरस किलोमीटर असून तें तोयामा, नीगाता, नागानो व गिफू अशा चार प्रांतांत पसरलें आहे. पाश्चात्य लोक ह्या रांगांना ‘जपानी आल्प्स’ म्हणतात; वॉल्टर वेस्टन ह्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या १८९६ सालच्या ग्रंथामुळें हें नांव जगभर झालें. तातेयामा हें एका शिखराचें नांव नव्हे. ओयामा, ओनांजियामा व फूजी-नो-ओरिताते अशीं तीन शिखरें मिळून तो पर्वत होतो. त्यांतील सर्वांत उंच ओनांजियामा ३,०१५ मीटर आहे.

आतां तीन हजार मीटर म्हणजे हिमालयाच्या मानानें कांहींच नव्हे. मग तेथें एवढा बर्फ कोठून येतो? सह्याद्रीवरील पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें कोडें उलगडण्यास वेळ लागणार नाहीं. आपल्याकडे नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, घाटमाथ्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि सारें पाणी तेथेंच ओतून मोकळे होतात. पलीकडे देशावर ढग पोंचतात ते रिते होऊन. जपानांत हाच खेळ हिवाळ्यांत व उलट दिशेनें चालतो. सैबेरियांतून निघालेला वारा अत्यंत थंड परंतु कोरडा असतो. मार्गांत त्याला जपानचा समुद्र लागतो. ह्या समुद्रांतून त्सुशिमा नांवाचा उबदार प्रवाह उत्तरेकडे जातो, आणि त्यावरून येतांना तो कोरडा वारा बाष्पानें जड होतो. किनाऱ्यापासून थोडक्याच अंतरावर पर्वताची भिंत उभी असल्यामुळें त्याला वर चढण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं, आणि हें सर्व ओझें हिमरूपानें तेथें उतरतें. पर्वतापलीकडे टोकियोला त्याच दिवसांत बहुधा निरभ्र आकाश व कोरडी हवा असते. एका पर्वतरांगेनें एकाच देशाचे असे दोन हिवाळे केले आहेत.

मुरोदो हें २,४५० मीटर उंचीवरील पठार. तेथें सरासरी सुमारें सात मीटर बर्फ सांचतो. त्याच्या अलीकडे ‘ओतानि’ नांवाची खोलगट जागा आहे. वाऱ्यानें उडविलेला भुगा तेथें येऊन पडतो आणि थर दुपटी-तिपटीनें वाढतो. बर्फाची प्रसिद्ध भिंत ती हीच. हिवाळा सरूं लागला म्हणजे खालून रस्ता मोकळा करीत येण्याचें काम सुरू होतें. परंतु पंधरा मीटर बर्फाखालीं रस्ता नेमका कोठें आहे हें डोळ्यांना कळणें अशक्य. म्हणून आतां उपग्रहांच्या साहाय्यानें जागा ठरवून पुढील यंत्र चालवितात आणि मागील यंत्रें त्याच्या मागानें खोदीत येतात. कापलेली भिंत निरखून पाहिली तर तींत आडव्या रेषा दिसतात. प्रत्येक हिमवादळाचा थर निराळा असतो, आणि मधूनमधून एखादी पिवळट रेघ असते. ती मंगोलिया व उत्तर चीनच्या वाळवंटांतून वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आलेली धूळ होय. पुष्कळ प्रवासी ह्या भिंतीपाशीं छायाचित्र काढून घेतात व निघून जातात; ही पिवळी रेघ पाहण्यास थांबणारे थोडे.

एवढ्या उंचीवर जाण्यास आज कांहींच सायास पडत नाहींत. तोयामाहून आगगाडीनें सुमारें तासाभरांत पायथा येतो. तेथून दोरानें ओढली जाणारी गाडी चढण चढून बिजोदाइरा येथें नेते, आणि पुढें सुमारें पन्नास मिनिटांच्या बसच्या प्रवासानें मुरोदो. खासगी मोटारींना वर मज्जाव आहे. मुरोदोहून पलीकडे उतरण्यास बोगद्यांतील बस, तारेवरचा पाळणा व भुयारांतील गाडी अशीं साधनें क्रमानें लागतात, व शेवटीं कुरोबे धरणाच्या भिंतीवरून पायीं जावें लागतें. हा सबंध मार्ग १९७१ सालीं खुला झाला. पाळण्याच्या तारेला वाटेंत एकही खांब नाहीं. कारण खांब हिमलोटांच्या तावडींत सांपडेल आणि दृश्यही बिघडवील. राष्ट्रीय उद्यानांत यंत्रें न्यावींच लागलीं तर तीं कशीं न्यावींत ह्याचा हा उत्तम नमुना म्हणतां येईल. धरणाची गोष्ट मात्र वेगळी. १८६ मीटर उंचीचें हें धरण जपानांतील सर्वांत उंच असून तें १९५६ ते १९६३ ह्या काळांत विजेसाठीं बांधलें गेलें. साहित्य नेण्याचा बोगदा खणतांना केवळ ऐंशी मीटर ठिसूळ, पाण्यानें भरलेला खडक ओलांडण्यास सात महिने लागले. सबंध कामांत १७१ माणसांनीं प्राण गमावले. त्यांचें स्मारक धरणापाशींच आहे.

यंत्रें येण्यापूर्वीं मात्र तातेयामा हा मृतांचा पर्वत होता. मुरोदोजवळ ‘जिगोकुदानि’, म्हणजे नरकाचें खोरें आहे. तेथें जमिनींतून गंधकाची वाफ फुसफुसत असते व एरवीं शुभ्र असलेल्या बर्फावर पिवळे डाग पडतात. मेलेले जीव येथेंच येतात अशी समजूत होती, आणि बाराव्या शतकांतील ‘कोंजाकु’ कथासंग्रहांतही ह्या नरकाच्या कथा आहेत. पायथ्याच्या खेड्यांतील पुजारी स्वर्ग-नरकाचे चित्रपट गुंडाळून गांवोगांव हिंडत व ते उलगडून यात्रेचें माहात्म्य सांगत. आपल्याकडील चित्रकथींची ह्या ठिकाणीं आठवण होते. यात्रेकरू पांढरीं वस्त्रें, म्हणजे प्रेताचींच वस्त्रें, लेऊन वर जात आणि जणूं नवा जन्म घेऊन खालीं येत. ज्या निवाऱ्यांत ते राहत, त्याची १७२६ सालीं उभारलेली इमारत मुरोदोला अद्याप शाबूत आहे.

हा पुनर्जन्म पुरुषांपुरताच होता. १८७२ सालीं सरकारनें बंदी उठवीपर्यंत स्त्रियांना पवित्र पर्वतांवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. वर जाऊं पाहणाऱ्या स्त्रिया वृक्ष व शिळा होऊन राहिल्या अशा कथा येथें रचल्या गेल्या. त्यांच्यासाठीं पायथ्याच्या आशिकुराजि गांवीं निराळा विधि होता. शुभ्र वस्त्रें नेसून व डोळे बांधून त्या एका लाल पुलावर अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरून पलीकडे जात. तोच त्यांचा पर्वत. मेजी राजवटीच्या आरंभीं बंद पडलेला हा विधि १९९६ सालीं पुन्हां सुरू करण्यांत आला.

शेजारचें २,९९९ मीटर उंचीचें त्सुरुगि शिखर नरकांतील सुयांचा डोंगर मानलें जाई व त्यावर चढणें निषिद्ध होतें. १९०७ सालीं लष्करी मोजणी खात्याच्या शिबासाकि योशितारो ह्यांची तुकडी नकाशासाठीं त्यावर चढली. माथ्यावर पहिलें पाऊल आपलेंच, अशा समजुतीनें ती वर पोंचली, तों तेथें एका तरवारीचें पातें आणि संन्याशाच्या दंडाचें धातूचें टोंक पडलेलें आढळलें. कोणी अनामिक तपस्वी हजारएक वर्षांपूर्वीं तेथें जाऊन आला होता.

तात्पर्य, पूर्वीं येथें येणारा माणूस मरणाची तयारी करून येई. आज तो हातांत खाऊचा पुडा घेऊन येतो. पर्वत मात्र बदललेला नाहीं. ८ ऑक्टोबर १९८९ रोजीं, खालीं शरद ऋतु ऐन भरांत असतांना, दहा प्रौढ गिर्यारोहक तातेयामावर हिमवादळांत सांपडले व त्यांपैकीं आठ जण गारठून मेले. २३ नोव्हेंबर २०१३ रोजीं मासागो शिखरावर हिमलोट कोसळून सात जण दगावले. बसनें आलेल्या माणसाला आपण कोठें आलों आहों ह्याची जाणीव शरीराकडून मिळत नाहीं, हा त्या सुखसोयीचा दोष होय. त्सुरुगिवर हिवाळ्यांत जाणाऱ्यांनीं आपला बेत आधीं लेखी कळविला पाहिजे असा नियम तोयामा प्रांतानें १९६६ सालींच केला आहे. साध्या प्रवाशानेंही एप्रिल-मे महिन्यांत गेल्यास लोंकरीचे कपडे, पाणी न शिरणारे बूट व काळा चष्मा बरोबर ठेवावा. बर्फावरून उसळणारें ऊन डोळ्यांस फार त्रास देतें. आणि धुकें उतरलें तर खुणेच्या काठ्या सोडून एक पाऊलही पुढें टाकूं नये.

त्या धुक्यांतच कधीं कधीं ‘राइचो’ दृष्टीस पडतो. हा तित्तिराच्या कुळांतील पक्षी हिमयुगांत उत्तरेकडून आला, आणि हवा उबदार झाली तेव्हां उंच शिखरांवर अडकून राहिला. हिवाळ्यांत तो पूर्ण पांढरा होतो, उन्हाळ्यांत खडकासारखा तपकिरी. देवाचा दूत म्हणून त्याची शिकार कोणी केली नाहीं. त्यामुळेंच कीं काय, तो माणसाला भीत नाहीं व पायाजवळून निवांत चालत जातो. १९५५ सालीं त्याला विशेष संरक्षण मिळालें. तरीही १९८० नंतरच्या दशकांत जपानभर सुमारें तीन हजार असलेले हे पक्षी पुढें दोन हजारांहूनही कमी झाले. कोल्हे व कावळे आतां पूर्वींपेक्षां वर पोंचूं लागले आहेत, आणि हवा तापत गेली तर राइचोला आणखी वर जाण्यास डोंगरच उरणार नाहीं. २०१२ सालीं तातेयामा व त्सुरुगिवरील बर्फाचे तीन जुने सांठे प्रत्यक्ष सरकतात असें मोजमापांनीं सिद्ध झालें, आणि जपानांत हिमनद्या आहेत हें तेव्हां प्रथमच मान्य झालें. त्यांचेंही आयुष्य ह्याच हवेवर अवलंबून आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस शेवटची बस खालीं उतरते व मार्ग एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद होतो. तोंवर राइचोचीं पिसें पांढरीं होत आलेलीं असतात.