जिमच्या सायकलवर तयारी केली? कार्तिकीला पंढरपूरला निघण्याआधी हे वाचा

पाऊस सुरू झाला की रस्त्यावर सायकल चालवणं अवघड होतं. चिखल, खड्डे, त्यात संध्याकाळी लवकर अंधार. म्हणून आता तालुक्याच्या गावातली बरीच पोरं आणि चाळिशीतली मंडळी जिममधल्या सायकलवर घाम गाळतात. काहींनी घरातच स्टँड आणून आपल्या सायकलचं मागचं चाक त्यावर चढवलंय. चातुर्मासभर असा सराव झाला की मनात येतं, चला, यंदा कार्तिकीला सायकलवर पंढरपूर गाठू.

विचार चांगलाच आहे. नाशिकहून सिन्नर, नगर, करमाळा, टेंभुर्णी असं गेलं तर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. नगरच्या लोकांना पावणेदोनशे ते दोनशे. म्हणजे तीन-चार दिवसांचा प्रवास. जिमच्या सायकलनं तुमचा दम आणि मांड्या तयार केल्यात, ती मेहनत फुकट जात नाही. पण बूड, तळहात, मान, ब्रेक, वारा आणि रस्ता यांची तयारी चार भिंतीत होत नाही. ती निघण्याआधीच्या चार आठवड्यांत बाहेर पडूनच करावी लागते.

जिम आणि रस्ता यात फरक काय?

जिमच्या सायकलला पुढं एक जड चाक असतं. एकदा फिरलं की ते पायाला मदत करतं. तोल सांभाळायचा नाही, ब्रेक दाबायचा नाही, खड्डा चुकवायचा नाही. पडद्यावर दिसतो तो वेग यंत्रानं हिशेब करून दाखवलेला असतो. तिथं ३० दिसतो म्हणून रस्त्यावर ३० नं जाल असं नाही. सामान लादलेल्या सायकलवर ताशी १५ ते १८ चा वेग धरा. चहा, जेवण, पंक्चर धरलं तर ताशी १२-१३ च पडतो. दिवसाला ८० ते १०० किलोमीटर पुष्कळ झाले.

दुसरं म्हणजे वारा. कार्तिकात आपल्याकडं बहुतेक करून पूर्वेकडून, ईशान्येकडून वारा येतो आणि आपली वाट आग्नेयेला. म्हणजे तो तोंडावर किंवा डाव्या बाजूनं लागणार. हवेचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्यानं वाढतो. वेग दुप्पट करायचा तर फक्त हवा कापायलाच आठपट ताकद लागते. त्यामुळं समोरून वारा असला की वेग सोडून द्या, गिअर हलका करा आणि पाय एका लयीत फिरू द्या. मिनिटाला ७० ते ८० फेरे पडले तर गुडघे टिकतात. जड गिअरवर जोर काढणारा दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतो.

आणि घाम. जिममध्ये तो टपटप गळताना दिसतो, म्हणून आपण पाणी पितो. रस्त्यावर वाऱ्यानं घाम लगेच वाळतो. अंग कोरडं वाटतं, तहान कळत नाही, पण पाणी तितकंच गेलेलं असतं.

शेतात राबणाऱ्याला काय अवघड?

हे वाक्य हमखास ऐकू येतं. शेतकऱ्याचं अंग काटक असतं हे खरं. पण खुरपणी, पाणी भरणं, फवारणी यात आपण सारखे हलतो, वाकतो, उठतो. सायकलवर सहा-सात तास एकाच जागी बसायचं असतं. पहिला दिवस हौसेत निघून जातो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, दुखऱ्या अंगानं पुन्हा सीटवर बसताना होते. म्हणून सरावात एका दिवसात किती किलोमीटर झाले यापेक्षा लागोपाठ दोन दिवस चालवलं का, हे महत्त्वाचं.

चार आठवड्यांचं गणित

पहिला आठवडा: दोनदा बाहेर पडा, २५ ते ३० किलोमीटर. जिम चालू ठेवली तरी चालेल.

दुसरा आठवडा: एकदा ४५-५० किलोमीटर. वाटेत एखादा चढ-उतार असलेला रस्ता घ्या. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबायची सवय करा. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढं जातो.

तिसरा आठवडा: हाच मुख्य. लागोपाठ दोन दिवस, पहिल्या दिवशी ६०-७०, दुसऱ्या दिवशी ५०. जे सामान पंढरपूरला न्यायचं तेच कॅरिअरवर बांधून. काय दुखतं, काय सैल होतं, काय विनाकारण घेतलं, हे सगळं इथं कळतं.

चौथा आठवडा: हलकं. दोन-तीनदा तासभर, आणि निघायच्या आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती. शेवटच्या आठवड्यात जोर काढून नवी ताकद येत नाही, थकवा मात्र येतो.

उन्हाळ कांद्याचं रोप टाकून झालं की लागणीपर्यंत मधे थोडी सवड मिळते, त्यात हे बसवता येतं. मात्र रोपाचं पाणी आणि जनावरं कोण बघणार, हे घरात आधीच ठरवा. मागं घोर ठेवून निघालेल्या माणसाचं रस्त्यावर लक्ष राहत नाही.

सीट, हात आणि कपडे

सीटची उंची सोप्या रीतीनं तपासा. भिंतीला धरून सायकलवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. तोच बरोबर.

बूड सोलवटणं हे प्रवास अर्धवट सोडण्याचं मोठं कारण. गादीची सायकल-चड्डी मिळाली तर उत्तम. तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही, शिवण घासते. निघताना जांघेत व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. मुक्कामी पोचलं की आधी अंघोळ, आणि चड्डी रोज धुवा. घामाच्या कपड्यावर गप्पा मारत बसलात तर रात्रीत पुटकुळ्या येतात.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं तर समजा, तळहाताच्या कडेची नस दबतेय. दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला, कोपर थोडं सैल ठेवा. पाठीवर सॅक घेऊ नका. तिचं ओझं मान, हात आणि बुडावर येतं. सामान कॅरिअरवरच.

खाणं-पाणी आणि एकादशीचा उपास

जोरात चालवलं तर अंगात साठलेली साखर दीड-दोन तासांत संपत येते. मग एकदम हातपाय गळतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. त्यामुळं भूक लागायची वाट बघू नका. दर तासाला एक-दोन केळी, किंवा शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गूळ-पोळी असं काहीतरी पोटात जाऊ द्या. एका मध्यम केळात साधारण २५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. नुसतंच पाणी पीत राहू नका, मीठही हवं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकलं की घरचं ओआरएस तयार.

आता महत्त्वाचं. बरेच जण एकादशीला कडक उपास धरतात. उपाशीपोटी ८० किलोमीटर चालवणं धोक्याचं. म्हणून बेत असा आखा की दशमीलाच पंढरपुरात पोचाल. जवळ आल्यावर गर्दी आणि बंद रस्ते यामुळं शेवटच्या काही किलोमीटरला सायकल हातात धरून चालावं लागेल, तो वेळही धरा. एकादशीला चालवायची वेळ आलीच तर केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे खाऊन चालवा.

शुगर, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका. छातीत दुखलं, डाव्या हाताला कळ आली, चक्कर आली तर तिथंच थांबा आणि १०८ लावा.

सायकल आणि पंक्चर

ब्रेकचे रबर नवे घाला. चाक फिरवून बघा, आऊट असेल तर काढून घ्या. एखादी तार सैल असेल तर सामानाच्या ओझ्यानं ती मागच्या चाकातच आधी तुटते. टायरवर हवेचा आकडा छापलेला असतो, त्यापेक्षा जास्त भरू नका.

करमाळ्याकडच्या रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे भरपूर. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पॅच, छोटा पंप जवळ हवाच. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर टायरवाल्याच्या मशीनचा पाइप त्यावर बसत नाही. त्यासाठी छोटं पितळी अडॅप्टर मिळतं, ते खिशात ठेवा. आणि घरी एकदा स्वतः ट्यूब बदलून बघा.

सगळ्यात मोठा धोका: उसाच्या ट्रॉल्या

कार्तिकीच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. टेंभुर्णीच्या पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. कित्येकांना मागं लाल दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. वळणावर मागची ट्रॉली आत ओढली जाते, म्हणून ट्रॉली आणि रस्त्याची कड यांच्या मधे कधीही शिरू नका. दम लागला म्हणून ट्रॉलीला हात धरून जायची खोड काही पोरांना असते. हात सुटला किंवा ट्रॅक्टरनं ब्रेक मारला की माणूस सरळ चाकाखाली. घरच्यांनी हे पोरांना स्पष्ट बजावून सांगावं.

त्या दिवसांत साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी सहाला दिवस मावळतो. उजाडल्यावर निघा, पाचच्या आत मुक्काम गाठा. तरी मागं लाल लाइट, पुढं पांढरा लाइट, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि डोक्याला हेल्मेट पाहिजेच. एकामागं एक चाला, दोघं शेजारी गप्पा मारत नको. दोन्ही कानांत इअरफोन तर मुळीच नको.

मुक्कामाची जागा आणि परतीचा टेम्पो आधी ठरवून ठेवा, कार्तिकीला ऐनवेळी दोन्ही मिळत नाही. पाच-सहा जणांनी मिळून टेम्पो केला तर खर्चही फार येत नाही.

तिसऱ्या आठवड्यातले लागोपाठचे दोन दिवस ज्याला जमले, त्यानं बिनधास्त निघावं. ज्याला ते जमले नाहीत त्यानं यंदा नगरपर्यंत टेम्पोत बसावं आणि पुढची वाट सायकलवर करावी. पुढचा पूर्ण रस्ता पुढच्या वर्षी आहेच.