पासष्ट टक्के कोणी ठरवायचे?

नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा हे कालवे शंभर वर्षांहून जुने. कोपरगावचा ऊस आणि साखर कारखानदारी त्यांच्यावरच उभी राहिली. येसगावचे साठवण तलाव भरले तरच शहराच्या नळाला पाणी येते. आज इथला शेतकरी नमुना नंबर सातचा पाणी अर्ज भरतो, तेव्हा आवर्तने किती मिळतील ते नाशिकच्या धरणांइतकेच पैठणच्या जायकवाडीवरही अवलंबून असते. मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 रोजी आदेश दिला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. 2023 च्या टंचाईत 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा दोन्हीकडची माणसे रस्त्यावर आली.

65 टक्के हा आकडा तज्ज्ञांचा आहे, म्हणून तो निव्वळ मोजमापाचा आहे असे सगळे धरून चालतात. धरणात पाणी किती, बाष्पीभवन किती, नदीपात्रात मुरते किती, हे मोजायचे काम अभियंत्याचे. तिथे हात वर करून मतदान घेणे हा खुळेपणा. पण तुटीच्या वर्षी झळ कोणी किती सोसायची, उभा ऊस आधी की खालचा रब्बी, हे कुठल्याही मोजपट्टीवर दिसत नाही. नंतरच्या मांदाडे अभ्यास गटाने 65 ऐवजी 58 टक्के सुचवले. नव्या आकडेवारीचा त्यात वाटा असेलच, पण कोणत्या गरजा कशा धरायच्या ही निवडही त्यात आहे. ती निवड गणिताच्या पोटात दडवली की हरणाऱ्याला गणितही खोटे वाटू लागते.

‘लोकांना यातले काय कळते?’ या आक्षेपाला उत्तर शेजारच्या नाशिक जिल्ह्यातच आहे. दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर 1990 च्या दशकात पुच्छभागातल्या तीन पाणीवापर संस्थांपासून सुरुवात झाली आणि पुढे सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या हाती आला. पाणी मोजून घ्यायचे, मोजून वाटायचे. घनमापन त्यांना कोणी शिकवले तर अभियंत्यांनीच. धुळे-नाशिककडची फड पद्धत तर याहून कितीतरी जुनी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. उद्या एकट्या कोपरगावला विचारले तर थेंबही खाली जाणार नाही, आणि एकट्या पैठणला विचारले तर वर काही उरणार नाही. वाघाडला खोरे लहान, माणसे ओळखीची. गोदावरीचे तसे नाही. म्हणून निर्णय तालुक्याच्या सभेत नव्हे, अख्ख्या खोऱ्याच्या सभेत हवा. आयर्लंडने 2016 मध्ये चिठ्ठीसारख्या पद्धतीने निवडलेले 99 नागरिक एकत्र बसवले, तज्ज्ञांना त्यांच्यापुढे उभे केले, आणि गर्भपातासारखा पेटता प्रश्न 2018 च्या सार्वमतापर्यंत नेला. चिठ्ठीला हसायचे कारण नाही. आपल्या नगरपालिकांत प्रभागांचे आरक्षण सोडतीनेच पडते.

आपल्याकडे कालवा सल्लागार समिती आहे, पण तिच्यात मंत्री, आमदार आणि अधिकारीच बोलतात, तेही आपापल्या कालव्यापुरते. नाशिक, कोपरगाव, वैजापूर, पैठण इथले ऊसवाले, कांदेवाले आणि शहरात हंडा घेऊन थांबणारे एका टेबलाशी कधी बसवलेच गेले नाहीत. 65 की 58 हा वाद पुन्हा एखाद्या समितीकडे सोपवण्याआधी शासनाने ती बैठक घ्यावी, आणि दोन्ही अहवाल मराठीत, हिशेबासकट, तिच्यापुढे ठेवावेत.