वेल्डिंगचा धूर व त्यापासून होणारे विकार

मृगापूर्वीं औतें दुरुस्त करून घेण्याची घाई मूर्तिजापूर तालुक्यांत दरसाल असते. पूर्वीं वखराची पास व तिफणीचे फण लोहाराच्या भात्यावर तापवून, ठोकून नीट करीत. आतां ट्रॅक्टरची ट्रॉली, गोठ्याचे पत्रे, ओलिताचे नळ या सर्वांची सांधणी विजेच्या वेल्डिंगनें होते, व कित्येक शेतकऱ्यांनीं घरींच यंत्र ठेविलें आहे. या कामांत डोळ्यांस जपावें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु धुराकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. काळी कांच डोळ्यांचें रक्षण करिते, फुप्फुसांचें नव्हे.

आमचा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत मोडतो. खाऱ्या पाण्यानें लोखंड लवकर गंजतें, म्हणून नळांवर व पत्र्यांवर जस्ताचा मुलामा असलेला माल घेणें सोयीचें पडतें. धोका आहे तो याच मुलाम्यांत. जस्त सुमारें 907 अंश सेंटिग्रेडला उकळतें. लोखंड वितळण्यास सुमारें 1538 अंश उष्णता लागते. अर्थात् लोखंडाचा सांधा जुळण्यापूर्वींच त्यावरील जस्ताची वाफ होऊन जाते. हवेंतील प्राणवायूशीं तिचा संयोग होतांच तिचें पांढरें भस्म बनतें. त्याचे बहुतेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि बारीक असल्यामुळें नाकाच्या केसांस किंवा तोंडास बांधलेल्या दुपट्ट्यास ते अडत नाहींत. थेट फुप्फुसाच्या तळाशीं जातात.

त्याचा परिणाम तत्काळ दिसत नाहीं, हेंच फसवें आहे. दुपारीं काम केलें असतां चार ते दहा तासांनीं, म्हणजे सायंकाळीं अगर रात्रीं, तोंडास धातूसारखी चव येते, घसा कोरडा पडतो, हुडहुडी भरून ताप चढतो, अंग मोडून येतें व पुढें घाम सुटतो. घरचीं माणसें हा हिवताप समजतात. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. रोज धूर घेणाऱ्यास त्याची कांहींशी संवय होते; पण एक-दोन दिवसांची सुटी पडली कीं ती मोडते, व कामावर परततांच ताप पुन्हां येतो. म्हणून पाश्चात्य कारखान्यांत यास सोमवारचा ताप असें नांव पडलें होतें.

जस्ताचा ताप उतरतो, परंतु सर्वच धातूंचें तसें नाहीं. वेल्डिंगच्या कांडींत व पोलादांत मँगनीज असतें. वर्षानुवर्षें तें श्वासांत गेल्यास मेंदूवर परिणाम होऊन हातापायांस कंप व ताठरपणा येऊं शकतो. न गंजणाऱ्या पोलादाच्या धुरांत क्रोमियम व निकेल असतें. कॅडमियमचा मुलामा दिलेले बोल्ट अगर तशी झाळ तापविल्यास निघणारा धूर तर प्राणघातक ठरूं शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2017 सालीं वेल्डिंगच्या धुराची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. यास्तव धूर अंगवळणी पडला म्हणजे तो निरुपद्रवी झाला, असें समजूं नये.

यावरील उपाय अल्प खर्चाचे आहेत. सांध्याच्या दोन्ही बाजूंस दोन ते चार इंच मुलामा वा रंग आधीं घांसून काढावा. घांसतांनाहि तोंडास मास्क असावा. काम बंद खोलींत न करितां उघड्यावर करावें. वारा एका बाजूनें यावा. तोंडावर किंवा पाठीमागून येऊं नये, कारण पाठीमागील वाऱ्यानें धूर अंगासमोर घुटमळतो. धुराच्या लोटावर मान वांकवूं नये. दुपट्ट्याऐवजीं कारागिरांकरितां मिळणारा एन-95 अगर त्या प्रतीचा मास्क नाकातोंडाशीं घट्ट बसवावा. कीटकनाशकाच्या रिकाम्या पिंपास वेल्डिंग कदापि करूं नये. गूळ अगर दूध घेतल्यानें धूर बाधत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. अन्न पोटांत जातें, धूर फुप्फुसांत.

ताप दोन दिवसांहून अधिक टिकल्यास, छाती आवळल्यास अगर दम लागल्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें, व कोणत्या धातूवर काम केलें तें आवर्जून सांगावें. तें न सांगितल्यास हिवतापाचीच चिकित्सा चालेल.

शेवटीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. सांध्यापाशीं नळ धरून बसणारा बहुधा आपला सालगडी किंवा आपलाच मुलगा असतो, आणि कारागिरास "लवकर आटप" म्हणून तगादा लावणारे आपणच असतों. मुलामा घांसण्यास जो अर्धा तास लागेल, त्याची मजुरी आनंदानें द्यावी. ती कांहीं नळाची किंमत नव्हे. ती माणसाच्या श्वासाची आहे.