स्थलांतरित ते लोकप्रतिनिधी : श्री ठाणेदार यांचे उदाहरण

परदेशात जन्मलेली व्यक्ती अमेरिकेत निवडून कशी येते, आणि ती नेमके कोणाचे प्रतिनिधित्व करते, हे या पाठात आपण पाहू.

कायदेशीर चौकट : अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जन्माने नागरिक असावा लागतो. प्रतिनिधीगृहाच्या सदस्याला मात्र २५ वर्षे वय, सात वर्षांचे नागरिकत्व आणि त्या राज्यात वास्तव्य एवढेच पुरते.

जुना मार्ग : जर्मनीतील १८४८ ची क्रांती फसल्यावर कार्ल शुर्त्स देश सोडून गेले आणि १८५२ मध्ये अमेरिकेत पोहोचले. सेंट लुईस शहरात ते जर्मन भाषेतील वृत्तपत्राचे संपादक होते. १८६९ ते १८७५ या काळात ते मिझुरी राज्याचे सेनेटर होते. जर्मन मतदारांचा मोठा समाज हे त्यांचे बळ होते.

ठाणेदारांचा मार्ग : ‘श्री’ हे त्यांचे नावच आहे. जन्म १९५५, चिकोडी, बालपण बेळगावात. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून ते १९७९ मध्ये अमेरिकेला गेले, तेथे पीएच. डी. मिळवली आणि १९८८ मध्ये नागरिक झाले. पुढे सेंट लुईसमध्येच त्यांनी रासायनिक चाचण्यांचा व्यवसाय वाढवला. मंदीत तो बुडाला, तेव्हा मिशिगनमध्ये त्यांनी नवी कंपनी उभारली. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत ते तिसरे आले. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्य विधिमंडळात आणि २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात ते निवडून आले.

येथे फरक लक्षात घ्या. डेट्रॉइटमध्ये मराठी मतदारांचा गठ्ठा नाही. ठाणेदारांनी प्रचारात स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणावर घातला. २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत मते अनेक उमेदवारांत विभागली गेली आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले. परिणामी, कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या डेट्रॉइटचा प्रतिनिधीगृहात सुमारे सात दशकांत प्रथमच एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही.

संकल्पना : प्रतिनिधी मतदारांसारखाच असणे म्हणजे वर्णनात्मक प्रतिनिधित्व, त्याने मतदारांच्या हिताचे काम करणे म्हणजे आशयात्मक प्रतिनिधित्व. हॅना पिटकिन यांनी १९६७ मध्ये हा भेद मांडला. ठाणेदारांची निवड एका समाजासाठी अभिमानाची, तर दुसऱ्यासाठी जागा गमावल्याची घटना ठरली. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

विचार करा : दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे बाहेरगावाहून आलेले असंख्य मतदार आहेत. त्यांचा प्रतिनिधी त्यांच्यातलाच असावा, की त्यांचे काम करणारा असला म्हणजे पुरे? तुमचे उत्तर कारणांसह लिहा.