माळावरचा तरवड

फलटणहून दहिवडीकडे निघाले, की मोगराळ्याचा घाट लागण्यापूर्वीच, महादेवाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, मुरमाड माळावर तरवडाची झुडपे दिसू लागतात. ह्या वसंताच्या दिवसांत त्यांवर चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा वाळलेल्या असतात. सोनपिवळा बहर खरा पावसाळा सरताना. नवरात्रात घटावर चढणाऱ्या माळेत तो आपण पाहिलेलाच आहे.

पण आपल्याकडे त्याचा मान त्या नऊ दिवसांपुरताच. एरवी तरवड माजला म्हणजे जमीन वाया गेली, असा आपला हिशेब. हा हिशेब उलटा आहे. शेळ्यामेंढ्या माळावरचे गवत, बोरीबाभळींचा पाला ओरबाडून खातात. तरवडाला सहसा तोंड लावीत नाहीत. माळ उघडा पडला तो अति चराईने. तरवड मागे उरला, आणि उरला म्हणूनच त्याच्या मुळांनी थोडीबहुत माती धरून ठेवली.

त्याचे फूल मोठे चमत्कारिक आहे. त्यात मध नाही. परागकोश उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला नुसते छिद्र असते. भुंगा फुलाला घट्ट बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा पराग बाहेर उडतात. गोड रस पाझरतो तो पानांवर, पर्णिकांच्या जोड्यांमधील बारीक ग्रंथींतून, आणि त्याचे गिऱ्हाईक मुंग्या! पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णे असतात. लिनियसने १७५३ मध्ये ह्या झाडाला जे लॅटिन नाव दिले, त्यातील 'ऑरिक्युलाटा' ह्या पदाचा अर्थही 'कानवाली' असाच.

ह्याची साल टॅनिनने भरलेली असते. चामडे कमावणाऱ्यांना ती फार मोलाची, कारण तिने कमावलेले कातडे फिकट रंगाचे निघते. दक्षिणेकडे, तमिळ मुलुखात, 'आवारम' ह्या नावाने तिचा मोठा व्यापार चाले. पुढे आफ्रिकेतून वॅटलची साल येऊ लागली नि तो मागे पडला. तेलंगणाने मात्र २०१४ मध्ये हेच फूल राज्यपुष्प म्हणून निवडले. आपण ते बांधावर जाळतो.

सालीसाठी फांद्या छाटल्या तरी बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. यंत्राने माळ सपाट करताना मात्र झुडूप मुळासकट निघते, आणि मोकळा मुरूम पहिल्याच वळवाच्या सरीत ओढ्याकडे धावतो. कोणाला उघड्या उतारावर तरवड लावायचाच असेल, तर आताच शेंगा गोळा कराव्यात. बियांचे कवच कठीण असते. ते खरवडून, रात्रभर पाण्यात भिजवून, मृगाच्या पावसाबरोबर जागच्या जागीच पेरावे.