तीन शिंगांचा शूर शाकाहारी

बालमित्रांनो, शिंगं बघून प्राणी ओळखायचा म्हटला तर भलेभलेही फसतात बरं का! १८८७ साली अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ कवटीच्या तुकड्याला चिकटलेली दोन भलीमोठी शिंगं सापडली. ओथनिएल मार्श या नामवंत शास्त्रज्ञांना वाटलं, हा गव्याचा भाऊबंद बायसन असणार. त्यांनी तसं नावही देऊन टाकलं. पुढे वायोमिंगमध्ये अशीच शिंगं असलेली कवटी मिळाली आणि उलगडा झाला. हा तर डायनॉसॉर! १८८९ मध्ये मार्श यांनीच त्याचं बारसं केलं : ट्रायसेराटॉप्स, म्हणजे तीन शिंगांच्या तोंडाचा.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंत हे महाशय उत्तर अमेरिकेत हिंडत होते. लांबी ८ ते ९ मीटर, वजन हत्तीच्या तोडीचं. नाकावर एक आखूड शिंग आणि डोळ्यांवर दोन लांब शिंगं, प्रत्येक जवळजवळ पहिलीतल्या मुलाएवढं! मानेवर सुपासारखी पसरलेली हाडाची झालर.

एवढा थाट, पण खाणं काय? झाडपाला! पोपटासारख्या चोचीनं जमिनीलगतची झुडपं तोडायची आणि अडकित्त्यानं सुपारी कातरावी तशी दातांनी कातरायची. दात शेकडो, एकाखाली एक रचलेले. वरचा झिजला की खालचा हजर. तुमचे दुधाचे दात एकदाच पडतात, याचे मात्र जन्मभर बदलत राहायचे.

मग शिंगं कशासाठी? त्याचं उत्तर हाडांवरच्या जखमांनी दिलं. एका ट्रायसेराटॉप्सचं शिंग तुटलेलं होतं. शिंगावर आणि झालरीवर टायरॅनोसॉरस रेक्सच्या दातांचे व्रण होते. पण गंमत अशी, की ते हाड भरून येऊ लागलं होतं! मेलेल्या जनावराचं हाड काही भरून येत नाही. म्हणजे त्या भयंकर शत्रूच्या तावडीतून हा गडी जिवंत सुटला होता.

ही शिंगं आपसातही चालत असावीत. २००९ साली शास्त्रज्ञांनी अनेक कवट्या तपासल्या. झालरीवर नेमक्या अशा जागी जखमा जास्त आढळल्या, जिथे दोघांनी शिंगाला शिंग भिडवलं की टोक लागेल.

तेव्हा दोस्तांनो, कधी संग्रहालयात याचा सांगाडा पाहिलात, तर नुसती शिंगं बघून पुढे जाऊ नका. झालरीवर भरून आलेली एखादी जखम दिसते का, तेही शोधा!